विश्लेषण : जुन्या गाडीच्या बॉनेटखाली नवा रंग… गंज थांबतो की नुसता झाकला जातो?

माहुल, चेंबूर, ट्रॉम्बे या पट्ट्यात खाडीचा खारा वारा आणि कारखान्यांची हवा एकत्र येते. इथे उघड्यावर उभ्या राहणाऱ्या जुन्या मोटारींचा पत्रा बाहेरून चकचकीत असला तरी बॉनेटखाली तो सडू लागलेला असतो. नोंदणी नूतनीकरणाच्या आधी किंवा गाडी विकण्याआधी हा भाग रंगवून घेण्याकडे अनेकांचा कल असतो. हा रंग कधी उपयोगाचा ठरतो, कधी फसवा ठरतो आणि कोणत्या भागाला तो लावूच नये, याचा आढावा.

जुन्या गाड्यांची डागडुजी आता का वाढली?

खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. बोलीभाषेत यालाच ‘पासिंग’ म्हणतात. माहुल-चेंबूर परिसरातील गाड्यांसाठी हे काम वडाळ्याच्या मुंबई (पूर्व) कार्यालयात, म्हणजे ‘एमएच ०३’कडे होते.

हलक्या मोटारींसाठी नूतनीकरणाचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून ते ५ हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी ते १० हजार रुपये केले. याशिवाय राज्याचा पर्यावरण कर आणि विम्याचा हप्ता असतोच. एवढे पैसे भरून गाडी आणखी पाच वर्षे ठेवायची की मोडीत काढायची, हा प्रश्न त्यामुळे अनेक घरांत उभा राहिला आहे. ठेवायची ठरली तर गंज थांबवणे हे पहिले काम. त्याची सुरुवात बॉनेट उघडूनच करावी लागते, कारण उष्णता, ओल, आम्ल आणि तेल हे चारही त्रास तिथे एकाच वेळी असतात.

माहुलच्या हवेत वेगळे काय?

लोखंड गंजण्यासाठी प्राणवायू आणि पाणी लागते. पाऊस पडलाच पाहिजे असे नाही. हवेतली आर्द्रता साधारण ६० ते ७० टक्क्यांच्या वर गेली की धातूवर पाण्याचा अतिशय पातळ थर बसू लागतो. पावसाळ्यात मुंबईतील आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या पुढे असते. त्यात समुद्राचे मीठ मिसळले की काम आणखी बिघडते. मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी खेचून घेते आणि विरघळते. त्यामुळे कोरडा वाटणारा पत्राही प्रत्यक्षात ओला राहतो. मिठातील क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर फोडते.

दुसरा घटक कारखान्यांचा. माहुलच्या कोळीवाड्याशेजारी १९५४-५५ मध्ये दोन तेल शुद्धीकरण प्रकल्प सुरू झाले. पुढे या पट्ट्यात खत कारखाना, औष्णिक वीज केंद्र आणि रसायनांच्या साठवण टाक्या आल्या. अशा उद्योगांच्या परिसरात हवेत सल्फर डायऑक्साइड असतो. ओलाव्यात मिसळून त्याचे सौम्य आम्ल बनते. धातूंच्या संरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आयएसओ १२९४४’ या आंतरराष्ट्रीय मानकात वातावरणाचे सी-१ पासून सी-५ पर्यंत आणि त्यापुढे सीएक्स असे वर्ग आहेत. दमट औद्योगिक हवा आणि खारा किनारा यांची गणना त्यातील वरच्या वर्गांत होते. माहुलमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आहेत.

माहुलच्या कोळ्यांना हे नवे नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढून, खरवडून, डागडुजी करून रंगवल्या जातात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात जातात. रंग हा होडीचा शृंगार आहेच, पण त्याआधी ते तिचे चिलखत आहे. गाडीच्या बॉनेटखालीही हाच हिशेब लागू होतो.

गंज नेमका कुठे लागतो?

सर्वात आधी बॅटरीखालच्या ट्रेमध्ये. जुन्या बॅटरीतून बाहेर येणारी आम्लाची वाफ आणि थेंब रंग खातात आणि मग पत्रा. दुसरी जागा ब्रेकच्या मास्टर सिलिंडरखालची. बहुतेक गाड्यांतील ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारित असते आणि ते रंग सोलून काढते. एक छोटी गळती कित्येक महिने लक्षात येत नाही आणि खालचा पत्रा उघडा पडतो. तिसरी जागा पुढच्या काचेखालच्या जाळीची. तिथे पिंपळाची, गुलमोहराची पाने साचून पाण्याची वाट तुंबते. चौथी रेडिएटरखालची पट्टी आणि पाचवी, सर्वात महत्त्वाची, शॉकअब्सॉर्बर जिथे वर बसतो तो भाग व त्याच्या बाजूचे पत्रे, ज्यांना गॅरेजमध्ये ‘अॅप्रन’ म्हणतात.

अॅप्रन महत्त्वाचे का, याचे उत्तर माहुलपासून काही किलोमीटरवर बनलेल्या एका गाडीत सापडते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. हीच गाडी सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. इंजिन १,०८९ सीसीचे. तिला ट्रकसारखी वेगळी चौकट नव्हती. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चौकट होती. आजच्या बहुतेक मोटारींची रचनाही अशीच असते. म्हणजे बॉनेटखालचा पत्रा सडला तर बिघडते ते केवळ रूप नव्हे. गाडीचा भार पेलणारा भागच कमकुवत होतो. अशा भोकावर पुट्टी भरून रंग मारला तर पासिंगच्या दिवशी ते कदाचित लपेल, पण खड्ड्यात चाक आपटल्यावर लपणार नाही.

रंगापूर्वी काय करावे लागते?

चांगल्या कामात रंग मारण्याला सर्वात कमी वेळ लागतो. तयारीला सर्वात जास्त. आधी प्रत्येक वायर, पाइप आणि क्लिपचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. मग गार इंजिनावर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवून बॅटरी बाहेर काढली जाते. ट्रेमधील आम्ल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने मारावे लागते. सोडा फसफसणे थांबले की आम्ल संपले, असे समजतात.

त्यानंतर तेलकटपणा. रंग न टिकण्याचे हे सर्वात मोठे कारण. गॅरेजमध्ये डिझेल किंवा रॉकेलने पुसण्याची पद्धत आहे, पण त्याचाही पातळ थर मागे राहतो. त्यामुळे शेवटी डिग्रीझर किंवा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवणे आवश्यक ठरते. अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, कार्ब्युरेटरचे तोंड आणि वायरींचे जोड प्लास्टिकने झाकावेत. साफसफाईला पेट्रोल वापरू नये. एका ठिणगीत पेट घेते.

सुटणारे भाग सोडवून रंगवणे केव्हाही चांगले. टॅपेट कव्हर, एअर फिल्टरचा डबा, बॅटरी ट्रे, हॉर्नचे ब्रॅकेट, पंख्याचे कव्हर हे असे भाग. लोखंडी पत्र्यावरचा सुटा गंज वायर ब्रशने काढून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करायची आणि १८०, ३२० असे बारीक होत जायचे. खाचाखोचांत उरलेल्या गंजाला फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजरोधक द्रव लावतात. ते गंजाचे लोह फॉस्फेटमध्ये रूपांतर करते. मात्र पापुद्रे सुटलेल्या जाड गंजावर ते वरवरच बसते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो. म्हणूनच खाली गंज जिवंत राहिला की वरचा नवा रंग फुगून फोड येतात.

अॅल्युमिनियमचे भाग वेगळे हाताळावे लागतात. त्यावर लाल गंज येत नाही, पांढरी भुकटी येते. स्वस्तात चमकवण्यासाठी कॉस्टिक सोड्यात बुडवले तर धातूच विरघळू लागतो.

कोणत्या भागाला कोणता रंग?

इथे निकष शोभेचा नाही, तापमानाचा. बॉनेटखालचा पत्रा आणि ब्रॅकेट फारसे तापत नाहीत. इंजिनातील कूलंट साधारण ८५ ते १०५ अंश सेल्सियसला फिरते, म्हणून ब्लॉक आणि टॅपेट कव्हरही त्याच सुमारास तापतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मात्र जोरात चालणाऱ्या इंजिनात कित्येकशे अंशांवर जातो.

पत्र्यासाठी इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर गाडीच्या रंगाचा टू-के पॉलियुरेथेन थर हा टिकाऊ पर्याय. सर्वत्र मिळणारा रेड ऑक्साइड स्वस्त आहे, पण एकटा रेड ऑक्साइड पाणी फार काळ अडवत नाही. त्यावर वरचा रंग हवाच. अॅल्युमिनियमला थेट रंग धरत नाही. आधी एचिंग प्रायमर लागतो.

ब्लॉकसाठी इंजिन एनॅमल वापरतात. मॅनिफोल्डला फक्त सिलिकॉनवर आधारित उच्च तापमानाचा रंग चालतो. सुमारे ६०० अंशांपर्यंत टिकणारे असे रंग स्प्रेच्या डब्यात मिळतात. ते नुसते वाळून पक्के होत नाहीत. इंजिन थोडा वेळ चालवून, गार करून, पुन्हा अधिक वेळ चालवून ते भाजून घ्यावे लागतात. डब्यावर लिहिलेला क्रम न पाळल्यास पहिल्याच घाटात रंगाची राख होते.

सुट्या लोखंडी भागांना पावडर कोटिंगही करता येते. विद्युतभारित भुकटी उडवून भाग भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांना भाजतात. साकीनाका, वसईच्या औद्योगिक वसाहतींत हे काम होते. भट्टीत जाण्याआधी रबर, प्लास्टिक, बेअरिंग काढलेच पाहिजे. पण कोटिंगला टवका उडाला की पाणी आत शिरते आणि बाहेरून दिसत नाही, हा त्याचा दोष.

नट-बोल्टना रंगापेक्षा जस्ताचा मुलामा योग्य. त्यावरची पिवळसर झाक ही अनेक जुन्या गाड्यांची मूळ ओळख. ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे उच्च ताकदीचे बोल्ट मात्र मुलाम्यासाठी देऊ नयेत. आम्लात बुडवताना त्यांत हायड्रोजन शिरतो आणि बोल्ट ठिसूळ होऊ शकतो. असे बोल्ट नवेच घ्यावेत.

कशाला रंग लावू नये?

रेडिएटरच्या जाळीवर जाड रंग बसला की उष्णता बाहेर पडण्यास अडथळा होतो. रबरी होज पाइप आणि पट्टे रंगवले की त्यांवरच्या चिरा दिसेनाशा होतात. नेमक्या त्याच चिरा वेळीच दिसायला हव्यात. पुलीची खाच, पॅकिंग बसण्याची सपाट जागा, स्पार्क प्लगचे आटे, सेन्सर, ब्रेक ऑइलची बाटली यांनाही रंग नको.

सर्वात जास्त होणारी चूक अर्थिंगची. बॅटरीची निगेटिव्ह पट्टी इंजिनाला आणि बॉडीला जिथे जोडलेली असते, तिथे धातू उघडा हवा. त्यावर रंग बसला तर वीज वाट सापडेल तिथून परतते. मग दिवे मंद होतात, स्टार्टर ओढत नाही आणि मालक नवी बॅटरी विकत घेतो. जोड आवळून झाल्यावर त्यावर ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावणे एवढेच पुरेसे असते.

कायद्याची अडचण कुठे येते?

गाडीचा बाहेरचा रंग आरसीवर नोंदलेला असतो. तो बदलायचा तर आरटीओची परवानगी आणि नोंद लागते. इंजिन किंवा टॅपेट कव्हरचा रंग आरसीवर नसतो, त्यामुळे तो बदलायला आडकाठी नाही.

खरा धोका क्रमांकांना आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२२ व्या नियमानुसार गाडीवर चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक ठसवलेले असावे लागतात. अनेक गाड्यांत हे दोन्ही बॉनेटखालीच सापडतात. ग्राइंडर चालवताना अंक झिजले किंवा पुट्टीखाली गेले, तर तपासणीत गाडी अडते आणि मालकाला संशयाला तोंड द्यावे लागते. कामाआधी क्रमांकांचे स्पष्ट फोटो काढावेत, त्यावर मास्किंग टेप लावावी आणि गंज असेल तर तिथे यंत्र न फिरवता हाताने, हलक्या ब्रशने साफ करावे. वर पातळ पारदर्शक थर किंवा ग्रीस चालते. उत्पादकाची ओळखपट्टी काढू नये, रंगवू नये.

५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती १० वर्षांसाठी असते. गाडी मूळ स्वरूपात असावी, तिची चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले नसावेत, ही त्यातली अट. कुर्ल्यातून बाहेर पडलेल्या सुरुवातीच्या फियाट आता या वयाच्या पुढे गेल्या आहेत. त्यांच्या मालकांनी बॉनेटखाली मनाला येईल तो लाल-निळा रंग मारण्याआधी कारखान्याचा मूळ रंग शोधावा. हॉर्नच्या ब्रॅकेटमागे किंवा हीटरच्या जागेआड तो बहुतेक वेळा शिल्लक असतो.

इमारतीखाली स्प्रे मारला तर?

टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासात गेल्यास दमा जडू शकतो आणि एकदा जडला की अत्यल्प प्रमाणही त्रास देते. कापडी रुमाल किंवा एन-९५ मास्क धूळ अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचा कार्ट्रिज मास्क किमान हवा. टू-केसाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आणि पेंट बूथ हाच सुरक्षित मार्ग. म्हणून हे काम घराखाली न करता बूथ असलेल्या गॅरेजला द्यावे. जुना रंग कोरडा घासू नये, त्यात शिसे असू शकते. पाणी लावून घासावा. एक्झॉस्टभोवतीच्या जुन्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, ते घासूच नये.

थिनरची वाफ म्हणजे बाष्पशील सेंद्रिय संयुगे. माहुल-आंबापाडा परिसरातील हवेबाबत २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कंपन्यांना भरपाईचे आदेश दिले, तेव्हा मुद्दा याच प्रकारच्या संयुगांचा होता. प्रमाण अर्थातच अतिशय वेगळे. पण ज्या वस्तीत हवेसाठी वर्षानुवर्षे लढा द्यावा लागला, तिथे जिन्याखाली स्प्रे गन चालवणे शेजाऱ्यांवर अन्यायच. धुण्याचे तेलकट पाणीही गटारात सोडू नये. ते शेवटी माहुलच्या खाडीत, तिवरांच्या मुळाशी आणि रोहित पक्षी उतरतात त्या चिखलात पोहोचते.

काम कधी करावे?

पावसाळ्यात नाही. हवेत ओल जास्त असताना रंगावर पांढुरकी छटा येते आणि थराखाली पाणी अडकते. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश जास्त असावे, असा रंगकामाचा सर्वसाधारण नियम आहे. मुंबईत त्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. घासलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवू नये. खाऱ्या हवेत सकाळपर्यंत त्यावर तांबूस झाक येते. ज्या दिवशी घासले त्याच दिवशी प्रायमर.

गाडी घेणाऱ्याने रंग कसा ओळखावा?

बॉनेट उघडताच सगळे सारखेच काळे आणि चकचकीत दिसले तर आनंद मानण्याऐवजी सावध व्हावे. होज पाइप, वायरी, क्लिप यांवर रंगाचे तुषार असतील तर भाग न सोडवता वरून फवारा मारलेला आहे. बोल्टच्या डोक्यावर अखंड रंग असेल तर तो रंगकामानंतर उघडलेला नाही. छोटे लोहचुंबक अॅप्रनवर फिरवावे; जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी असू शकते. शॉकअब्सॉर्बरच्या वरच्या भागावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकावे. निरोगी पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. बॅटरी उचलून खाली पाहण्याचा आग्रह धरावा. विकणारा त्याला नकार देत असेल तर उत्तर तिथेच मिळाले.

मग खर्च करावा की नाही?

निर्णय रंगाच्या दुकानात घेण्याऐवजी डेंटरकडे घ्यावा. गंज वरवरचा असेल आणि अॅप्रन, शॉकअब्सॉर्बरची जागा घट्ट असेल, तर नीट केलेले रंगकाम गाडीला अनेक पावसाळे देऊ शकते. भार पेलणाऱ्या पत्र्याला भोक पडले असेल, तर सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवणे हाच इलाज. तो परवडत नसेल तर गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात देणे शहाणपणाचे. वय झाले की गाडीला जावेच लागते, हे मुंबईने पाहिले आहे. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मर्यादा संपताच रस्त्यावरून उतरली. खासगी मालकाला मात्र अजून निवड आहे. रंग मारण्याआधी त्याने बॅटरी उचलून ट्रे पाहिला, तर ती निवड त्याला डोळे उघडे ठेवून करता येईल.